व्हॉल्व्ह तापेपर्यंत

आमची पनवेलची जुनी जागा आता पाडणार आहेत. टपाल नाक्याकडून आत शिरलं की एक अरुंद गल्ली लागते. त्या गल्लीत पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढीच ती जागा. आम्ही नवीन पनवेलला राहायला गेलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि दुकानाला तेव्हापासून कुलूप. मुलगा म्हणाला, "आई, माळ्यावरचं काय हवं असेल ते काढून घे, पुढच्या आठवड्यात चावी द्यायची आहे." म्हणून मी आणि नात सई एका सकाळी गेलो.

दार ढकललं तसा आतून वास आला. उंदरांचा, दमट पुठ्ठ्याचा, आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, तारांना डाग देताना जळते त्या राळेचा. इतक्या वर्षांनी राळेचा वास राहतो का? सईला तर तसला काही वास येईना. मी माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं टेबल होतं त्या जागी गेले आणि भिंतीला नाक लावून पाहिलं. तिथे तो होता. सई माझ्याकडे बघून हसायला लागली.

माळ्यावरून तिने एक पुठ्ठ्याचा खोका खाली दिला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या. तिने एक पुडी सोडली आणि म्हणाली, "आजी, हे कसले गं बल्ब? यांना पाय आहेत."

ते रेडिओचे व्हॉल्व्ह होते. बोटभर उंचीच्या काचेच्या नळ्या, तळाला नऊ बारीक पाय, आत राखाडी पत्र्याचं आणि तारांचं एक नाजूक घरटं. मी एक घेतला, पदराने पुसला, उजेडात धरला. माथ्याला आतून आरशासारखा चंदेरी लेप होता. "हा जिवंत आहे," मी म्हटलं. दुसऱ्याचा माथा आतून दुधासारखा पांढरा पडला होता. "हा गेला."

"तुला काय माहीत?"

"कुठून तरी हवा शिरली की तो चंदेरी लेप पांढरा होतो. आत हवा असून चालत नाही."

"मग आत काय असतं?"

"काही नाही."

सई व्हॉल्व्ह डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मी खोक्याशेजारी फरशीवर बसले आणि एकेक पुडी सोडत गेले.

मी कराडहून या घरात सून म्हणून आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. सासूबाई आधीच गेल्या होत्या. हे एस.टी.त कारकून, सकाळी आठला जायचे ते संध्याकाळी यायचे. दिवसभर घरात मी आणि पुढे दुकानात माझे सासरे, अण्णा. अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं काम. तरुणपणी मुंबईत एका दुकानात शिकून आलेले. पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांतले रेडिओ त्यांच्याकडे यायचे. गोधडीत, धोतरात, कधी भाताच्या पेंढ्यात बांधून. कपड्यात बांधलेलं ते ओझं मांडीवर घेऊन माणसं एस.टी.तून उतरायची आणि दवाखान्यात आल्यासारखी बाकावर बसायची.

त्या रेडिओंच्या पोटात काय काय निघायचं! व्हॉल्व्हची ऊब असते म्हणून पाली राहायला यायच्या. एकदा उंदराची पिल्लं निघाली, गुलाबी, डोळे मिटलेली. अण्णांनी ती तशीच एका करवंटीत घालून मागच्या भिंतीशी ठेवली. खाडीकडच्या गावांतले सेट खाऱ्या हवेने गंजलेले असायचे, तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी. भातगिरणीजवळच्या घरातला सेट उघडला की कोंड्याचा धुरळा उठायचा. मागचं झाकण निघालं की त्या घरात काय शिजतं, कुठला धूप जाळतात, तंबाखू कोण ओढतं, सगळं वासावरून कळायचं. मला ते फार बघावंसं वाटे. पण मी पडद्याआड उभी राहून बघायची, कारण मला अण्णांची भीती वाटत होती.

ते माझ्याशी बोलत नसत. मी चहा घेऊन गेले, "अण्णा, चहा" म्हटलं, तरी ते मान वर करत नसत. जेवायला बोलावलं तर उत्तर नाही. एकदा मी दारातून दोनदा विचारलं, "भाजीला वांगी आणू की भेंडी?" त्यांनी पाठ वळवली आणि पेचकस शोधू लागले. मी आईला पत्र लिहिलं की सासऱ्यांना मी पसंत नाही, माझा आवाजही त्यांना नकोसा वाटतो. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अण्णा पहिल्यापासून घुमे आहेत. तू मनावर घेऊ नकोस." पण मनावर न घेता कसं राहायचं हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मग वैशाखातली ती दुपार. मी मागे कुरडयांचा चीक शिजवत होते. दुकानातून एक शिट्टी येत होती, कुईंऽऽ अशी, कानात दाभण घातल्यासारखी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. समोरच्या कापडवाल्यांनी ओरडून पाहिलं, "अहो, बंद करा की ते!" शेवटी मी चीक उतरवून ठेवला आणि पुढे गेले.

अण्णा एका मोठ्या रेडिओपुढे बसले होते. डोळे मिटलेले, तळवा रेडिओच्या लाकडावर टेकलेला. चेहऱ्यावर इतकं समाधान की जणू कुणी मैफिलीत बसलंय. शिट्टी चालूच. मी मागून हाक मारली, "अण्णा." मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. शेवटी मी हातातलं उलथनं मुद्दाम फरशीवर टाकलं. गल्लीत झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. अण्णा हलले नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, मान वळवली, मी दिसले. रेडिओच्या काचेत एक हिरवा डोळा असायचा. स्टेशन नीट लागलं की त्याच्या दोन हिरव्या पाकळ्या जवळ येत. अण्णांनी त्या डोळ्याकडे पाहत बटण किंचित फिरवलं. पाकळ्या मिटल्या. शिट्टी आणखी वाढली.

"छान लागलाय," अण्णा म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

आत येऊन मी चुलीपुढे बसले. वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. माझा आवाज त्यांना नकोसा नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. आणि मग ध्यानात आलं की गिऱ्हाइकांचं त्यांना कळतं, ह्यांचं कळतं, फक्त माझंच कळत नाही. का? कारण ती माणसं समोर उभी राहून बोलत, अण्णा त्यांचे ओठ बघत. मी नवी सून, डोक्यावर पदर, मान खाली. मी जमिनीशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी चहा समोर ठेवला, मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "अण्णा, चहा घ्या. आलं घातलंय."

"आलं घातलंस? वा!" अण्णा म्हणाले.

शेजारणी पुढे बोलायला लागल्या की ही सून फार धीट झाली, सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलते. बोलू देत म्हटलं.

मी कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला ऐकू येत नाही हे गावभर झालं असतं तर कोण आलं असतं दुकानात? अण्णांना निम्मं काम डोळ्यांनी आणि बोटांनी जमत होतंच. कुठला व्हॉल्व्ह पेटत नाही ते दिसायचं, कुठला भाग जास्त तापलाय ते हाताला लागायचं, काय जळलंय ते वासावरून कळायचं. अडायचं ते शेवटी. सेट बोलायला लागला की तो कसा बोलतोय, हे सांगायला कुणी नव्हतं. गिऱ्हाइकं भिडेखातर काही न बोलता खरखरणारा रेडिओ घरी नेत होती.

मी पडदा बाजूला सारला आणि तांदळाचं सूप घेऊन उंबऱ्यावर बसायला लागले. अण्णा सेट लावून बघायचे तेव्हा मी निवडता निवडता मान वर करायची. एकदा एका सेटचा आवाज फाटत होता. अण्णांनी झाकण लावायला घेतलं आणि सहज माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. त्यांचा हात थांबला. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी झाकण खाली ठेवलं, शेवटचा व्हॉल्व्ह उपसला, दुसरा घातला, परत माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पुढच्या सोमवारी टेबलाच्या शेजारी एक स्टूल आलेलं होतं.

त्यानंतर आमच्या खुणा ठरत गेल्या. बोटं थरथरवली की खरखर. तळवा आडवा धरला की गुणगुण. चिमूट धरून वर नेली की शिट्टी. पण खुणा लवकरच अपुऱ्या पडल्या, कारण खरखरीतही शंभर जाती असतात. एके दिवशी अण्णांनी हातातला पेचकस ठेवला आणि विचारलं, "कसा येतोय? खुणा नकोत. सांग मला."

मी विचार करून म्हटलं, "पाणी उकळी फुटण्याआधी बोलतं ना, तसा."

अण्णांनी डोळे मिटले. "म्हणजे गाळणीचा कंडेन्सर," ते म्हणाले आणि तो बदलला. आवाज स्वच्छ झाला.

मला त्या गोष्टीचं इतकं नवल वाटलं! माझ्या तोंडून पाणी उकळलं आणि त्यांच्या बोटांनी ते बंद केलं. मग मी आवाज साठवायला लागले. हा तडतडतो मोहरीसारखा. हा ओल्या लाकडाच्या चुलीसारखा फुसफुसतोय. हा लांबच्या घरात कुणी पाळणा हलवतंय तसा कुरकुरतो. हा बोलतोय, पण पांघरूण तोंडावर घेऊन. अण्णा ऐकायचे, म्हणजे माझे ओठ बघायचे, आणि बरेचदा त्यांचं निदान नेमकं निघायचं.

अण्णा मला शिकवायलाही लागले. पहिला धडा असा की चालू सेटला हात लावताना दुसरा हात पाठीमागे धरायचा, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. दुसरा धडा, पेचकसाचं टोक एका ठरावीक जागी टेकवायचं आणि बोट त्याच्या दांड्याला लावायचं. स्पीकरमधून भुंईंऽऽ असा मोठा आवाज आला आणि मी हात मागे ओढला. अण्णा हसले. "घाबरू नकोस. तुझाच आवाज आहे तो. हवेतली वीज तुझ्या अंगातून गेली आत." मी पुन्हा बोट लावलं. पुन्हा काढलं. त्या दिवशी मी ते किती वेळा केलं असेल! भाकरी करपल्या.

"अण्णा, पण या काचेत असतं काय?" मी विचारलं होतं.

"काही नसतं. सगळी हवा काढून घेतलेली असते. आतली तार तापली की तिच्यातून विजेचे कण सुटतात. वाटेत हवा असली तर धडकतील. म्हणून त्यांना मोकळी वाट करून द्यायची."

मी दिवसभर त्या मोकळ्या वाटेचा विचार करत राहिले. रेडिओच्या काचेवर गावांची नावं छापलेली असायची, कोलंबो, काबूल, रंगून. दुपारी अण्णा पडले की मी काटा त्या नावांवरून हळूहळू फिरवायची. कधी कुणी बाई अनोळखी भाषेत बोलायची, कधी वाऱ्यासारखं नुसतं काहीतरी. कोण असेल ती? तिच्या खिडकीबाहेर ऊन असेल की पाऊस? पनवेलच्या बाजारातला सुकटीचा वास दारातून आत येत असायचा आणि मी रंगूनमध्ये असायची.

अशी दोन वर्षं गेली. मग हिराबाई आल्या.

उरणच्या वाटेवरच्या एका गावात त्यांची मिठागरं होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली. डोक्यावरून सेट उतरवला आणि म्हणाल्या, "अन्ना, आमचा रेडू बिगरलाय. यो बेस्तरवारपत्तूर झालाच पायजे."

"गुरुवारी काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"माज्या आयचा आवाज लागनार हाय."

त्यांची आई धवलारीण होती. लग्नाच्या मांडवात बसून हळदीपासून वरातीपर्यंतची गाणी म्हणणाऱ्या बाईला त्या भागात धवलारीण म्हणतात. रेडिओची माणसं गावात येऊन तिची गाणी यंत्रावर घेऊन गेली होती, आणि आता येत्या गुरुवारी संध्याकाळी ती लावणार होती. मधल्या काळात आई वारली होती.

"फोटू बी नाय तिचा," हिराबाई म्हणाल्या. "यवढाच आवाज हाय. त्यो बी योकदाच लागनार."

अण्णांनी सेट सोमवारी घेतला, मंगळवारी दुरुस्त केला. एक व्हॉल्व्ह पार गेलेला होता, तो बदलला. बुधवारी हिराबाई न्यायला आल्या. अण्णांनी सेट लावून दाखवला, हिरवा डोळा मिटला, बातम्या खणखणीत लागल्या. मीही मान डोलावली. हिराबाई बाकावर बसून चहा प्यायल्या, गावाकडचं बोलल्या, सेट चालूच होता. आणि वीसेक मिनिटांनी माझ्या कानाला ते लागलं. फार बारीक. कोरड्या पानावरून कुणी चालल्यासारखं. मग मधेच आवाज एकदम बुडायचा, पुन्हा वर यायचा.

अण्णा झाकणाचे स्क्रू आवळत होते. मी बोटं थरथरवली. त्यांनी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझी खूण कधी घेतली नव्हती. गिऱ्हाइक गेल्यावर आमचं काम चालायचं. पण हे गिऱ्हाइक आता सेट घेऊनच जाणार होतं.

"घेऊन जा बिनधास्त," अण्णा म्हणाले.

मी स्टुलावरून उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या आणि हिराबाईंच्या मधे उभी राहिले. मान वर केली. "अण्णा, नाही लागत तो नीट. तापल्यावर आवाज तुटतोय."

"मला सांगतेस तू?" अण्णांचा आवाज नेहमीपेक्षा चढला. कान आणि मानेपर्यंत ते लाल झाले. या दोन वर्षांत ते मला कधी असं बोलले नव्हते. 

"हो अण्णा," मी म्हटलं. "तुम्हाला नाही येत तो ऐकू. मला येतो."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हिराबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाल्या, "अन्ना, आमी बसतू. आमाला घाई नाय."

अण्णांनी आवळलेला स्क्रू परत सैल केला. मग विचारलं, "किती वेळाने तुटतो?"

"वीस मिनिटांनी."

त्यांनी झाकण पुन्हा काढलं. पेन्सिल घेतली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारत गेले, डोळे माझ्या चेहऱ्यावर. पहिला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्यावर टिचकी पडली आणि स्पीकर खर्रकन ओरडला. मी हात वर केला. तसला व्हॉल्व्ह दुकानात शिल्लक नव्हता. अण्णा उठून आत गेले आणि आमच्या घरच्या रेडिओतला काढून घेऊन आले. हे त्या संध्याकाळी क्रिकेट ऐकायला बसले तर रेडिओ मुका. काय चिडले!

सेट मग तासभर चालवला. स्वच्छ. हिराबाई निघाल्या तेव्हा अण्णा त्यांना म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो. गावची वीज कशी असते सांगता येत नाही." आणि माझ्याकडे वळून, "सूनबाई, तूही चल."

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं एस.टी.त बसलो. अण्णांच्या मांडीवर एक डबा, त्यात कापसात ठेवलेले जादा व्हॉल्व्ह. रस्त्याला खड्डा आला की ते डबा दोन्ही हातांनी उचलून धरत. दोन्ही बाजूंना मिठागरं, चौकोनी वाफ्यांत उभं पाणी, कडेला मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यावर गवताची शाकारणी. अण्णांनी सबंध वाटेत माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला वाटत होतं, अजून रागावलेत.

हिराबाईंच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. बायका जोत्यावर, पुरुष खाली, म्हातारे खाटेवर. लग्नाघरी जमतात तसे, पण गप्प. तुळशीजवळ तिवईवर रेडिओ, त्याला कुणीतरी हळद-कुंकू लावलेलं. वीज खरंच मंद होती. ओटीवरचा दिवा लालसर मिणमिणत होता. अण्णांनी एरियलची तार आंब्याच्या फांदीवरून घेतली आणि बटण दाबलं.

व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही. आधी आत केशरी ठिणगी धरते, मग ऊब, मग लांबून आवाज चालत येतो. विजेला जोर नसला की आणखी वेळ लागतो. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात अंगणातल्या साठ-सत्तर माणसांनी श्वास धरून ठेवला होता. गोठ्यात एक म्हैस हंबरली तर चार जणांनी तिला शूऽ केलं.

मग निवेदक बोलला. आधी दुसऱ्या गावची गाणी झाली. अण्णा हिरव्या डोळ्यावर नजर लावून बटणाला हात देत होते. आणि मग, कुठलीही वाद्यं नाहीत, काही नाही, एक म्हातारा, जाडाभरडा, काठाला चिरलेला आवाज सुरू झाला.

खाटेवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. जोत्यावरच्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. हिराबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. गाणं हळदीचं होतं. त्यातले अर्धे शब्द मला कळत नव्हते, पण आवाज कळत होता. तो कशासारखा होता? मी मनात शोधत होते, मोहरी, पाणी, पाळणा, आणि मला काहीच सापडत नव्हतं.

अण्णा माणसांचे चेहरे बघत होते. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी मान डोलावली. पण त्यांनी नजर काढली नाही. त्यांनी तळवा रेडिओच्या लाकडावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं अंदाज नसलेल्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो. काय म्हणतेय ती, कुणीतरी सांगा मला."

सगळं अंगण वळून बघायला लागलं.  मी पुढे व्हायच्या आत हिराबाई उठल्या, अण्णांच्या समोर येऊन मातीत मांडी घालून बसल्या, डोळे पुसले, आणि रेडिओतल्या आईबरोबर गायला लागल्या. हळू, प्रत्येक शब्दाला तोंड पुरतं उघडून, अण्णांना ओठ दिसावेत म्हणून. आईच्या मागे अर्धा श्वास मुलगी. हिराबाई यापूर्वी कधी गायल्या नव्हत्या, आईने कितीदा सांगूनही त्यांनी ते काम घेतलं नव्हतं, हे मला मागून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की अण्णांचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलताहेत.

गाणं संपलं. निवेदकाने नाव सांगितलं. मग बाजारभाव सुरू झाले आणि कुणीच रेडिओ बंद करायला उठेना.

आम्हाला तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊ घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. परतीच्या एस.टी.त अण्णा खिडकीशी बसले. वाशीच्या बाजूचं आभाळ अजून तांबूस होतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काल तुझ्यावर ओरडलो."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

आधी त्यांना कळलं नाही. मग ते इतके हसले की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी ह्यांना स्वतःच सांगितलं.  हे मला म्हणाले, "दोन वर्षं? आणि मला कुणीच सांगितलं नाही?" त्यांना ते फार लागलं. पुढे कितीतरी दिवस ते अण्णांच्या समोर बसून जेवायला लागले, घास हातात धरून, तोंड वर करून, ऑफिसातलं सगळं सांगत. बापलेक एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुकानात कुणी यायचं थांबलं नाही. उलट माणसं माझ्याकडे वळून सांगायला लागली, "ताई, जरा ऐकून बघा." लोक आम्हाला सासरा-सुनेचं दुकान म्हणत. हिराबाई पुढे स्वतः मांडवात बसायला लागल्या, आणि ज्या लग्नात त्या पहिल्यांदा गायल्या त्याचं आवतण आम्हाला आलं होतं. मग ट्रान्झिस्टर आले, ते खिशात घालून माणसं शेतात जायला लागली. त्यांना तापायला वेळ लागत नसे. त्यांच्यात पालही राहत नसे. कॅसेटवाले आले, टीव्ही आले. अण्णा शेवटपर्यंत दुकान उघडून बसत होते, माझं स्टूल शेजारी. ते गेले तेव्हा टेबलावर एक सेट अर्धा उघडलेला होता. तो कुणाचा होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सईने त्या खोक्याचा फोटो कुठेतरी टाकला आणि दुसऱ्याच दिवशी रुचा नावाच्या एका मुलीचा फोन आला. खारघरच्या कडेला ओवे गावात तिची खोली आहे, तिथे ती व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवते. अजून? मला खरंच वाटेना. मी सईला म्हटलं, व्हॉल्व्ह पाठवू नकोस, मी घेऊन जाते. मला बघायचंय.

रिक्षा ओव्यात शिरली तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत ही तिशीतली मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली. मी तिला एवढे प्रश्न विचारले की सईने कपाळाला हात लावला. कोण घेतं हे? गिटारवाले, गाणी ऐकणारे शौकीन. का घेतात? "काकू, आवाज गोल येतो," ती म्हणाली. म्हणजे कसा? तिला नीट सांगता येईना, ती हातांनी हवेत काहीतरी वाटोळं करत राहिली. तिने आमचा एकेक व्हॉल्व्ह यंत्रावर तपासला. बरेचसे चांगले निघाले. प्रत्येक वेळी काटा वर गेला की आम्ही दोघी एकदम "हां!" म्हणत होतो.

टेबलावर एक अर्धवट जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत असावी, कारण तिने डाग द्यायची तापलेली सळई माझ्यापुढे धरली. "बघायचंय का करून?"

मी बांगड्या मागे सारल्या, चष्मा सारखा केला. एक हात पाठीमागे नेला. "काकू, वीज बंद आहे हो," ती म्हणाली. असू दे म्हटलं.

पहिला डाग मी लावला तो वाकडा बसला, वर टोक काढून. रुचाने वाकून पाहिलं.

"चालेल, काकू."

"नाही चालणार," मी म्हटलं. "काढ तो. परत लावते."